खडीच्या ढिगापर्यंत

पाऊस परतला की पंचवटीत ते आधी भाजीबाजारात कळतं. मेथीची जुडी जरा बरी दिसू लागते, चिखलाची धूळ होते आणि रिक्षावाले काचेवर टांगलेलं प्लास्टिक सोडून टाकतात. आमच्या घरात मात्र ते जिन्याखाली कळतं. दिवाकर तिथली सायकल बाहेर ओढतो, अंगणात उलटी करून सीटवर उभी करतो आणि मागचं चाक हातानं गरगर फिरवून कान देऊन बसतो. डॉक्टरला छातीत जेवढं ऐकू येत नसेल तेवढं त्याला त्या चाकात ऐकू येतं. मग मान वर न करताच विचारतो, "खुरासणी फुलली असेल नाही एव्हाना?"

दिवाकर म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, आमच्या पिढीला तीच सवय. पण कागदावर मात्र मी त्याला अरे-तुरे करणार आहे. इतक्या वर्षांत तेवढा हक्क मी कमावला आहे.

आणि खुरासणी म्हणजे आपण जिची कारळ्याची चटणी करतो ती. बाजारात तिचे काळे, रुक्ष दाणे पाहून कुणाला वाटायचं नाही की ही बाई तरुणपणी इतकी पिवळीधमक असते. गिरणारे मागे टाकून हरसूलच्या अंगाला वर चढू लागलं की डोंगरउतारांवर तिचे तुकडे दिसतात. खाली भाताचा पिकता पिवळा, मध्ये नागलीचा, म्हणजे नाचणीचा, तपकिरी आणि वर हा पिवळा, की ज्याला काही धरबंधच नाही. दरवर्षी हा रंग आठवला की मला आधी आठवतो तो आमचा एक आश्विन. सत्त्याण्णव साल असावं. किंवा अठ्ठ्याण्णव. माझं आणि दिवाकरचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आग्रा रोडवर एका ट्रकनं मागून येऊन दिवाकरच्या हँडलला निसटता धक्का दिला होता. कामावरून येत होता, रोजच्यासारखा, सायकलवर. मांडीचं हाड मोडलं. रॉड घातला, तो नीट बसला, हाड जुळलं. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. खरंच निभावलं होतं. पण पाय बरा झाला आणि मग लक्षात आलं की दुसरंच काहीतरी मोडलंय, आणि त्याला रॉड घालता येत नाही.

हॉर्न वाजला की हा जागच्या जागी थांबायचा. चालत असला तरी. डोळे मिटून घ्यायचा आणि दोन्ही हात मुठी वळून छातीशी. आमच्या गल्लीत तर रिक्षा हॉर्नवरच चालतात. गल्लीच्या तोंडापर्यंत तो जायचा आणि समोरचा रस्ता न ओलांडता परत यायचा. समोरच्या टपरीवर पान खायची त्याची रोजची सवय होती, ती त्यानं सोडून दिली आणि आम्हाला सांगितलं की पान दातांना वाईट असतं. कामावर जायला कंपनीची बस दारात यायची. बसमध्ये तो मधल्या सीटवर, खिडकीपासून लांब बसायचा असं त्याच्या मित्रानं मला नंतर सांगितलं. ज्या माणसानं लग्नानंतर मला सायकलच्या दांडीवर बसवून सगळं नाशिक दाखवलं, सोमेश्वरापासून पांडवलेण्यांपर्यंत, त्याचं जग आता गॅलरीच्या कठड्याएवढं झालं होतं. तो कुणाशी भांडत नव्हता, रडत नव्हता. नुसता आक्रसत चालला होता. मला त्याची भीती वाटायची, रागही यायचा. राग जास्त यायचा, कारण भीतीपेक्षा तो मला झेपतो.

पायाचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, सायकल चालवू द्या त्यांना, मांडीला तिच्याइतकं चांगलं काही नाही. मी घरी येऊन सांगितलं. दिवाकर म्हणाला, "रस्त्यावर?" एवढंच. ते 'रस्त्यावर' मला इतकं लागलं की मी मनाशी ठरवलं, गाड्या नसलेला रस्ता शोधायचा. या जिल्ह्यात असा एक तरी रस्ता असेलच. मी शाळेत भूगोल शिकवायची. नकाशावर माझा फाजील विश्वास आहे.

सुरुवात पाटाच्या रस्त्यानं केली. गंगापूर रोडच्या मागून कालव्याच्या कडेनं तेव्हा नुसता मुरमाचा रस्ता होता, बंगले अजून तिथवर पोचले नव्हते. सायकली हातात धरून चालत आम्ही तिथे गेलो. त्याची बावीस इंची काळी, माझी लेडीज. थोडं अंतर तो बरा गेला. मग समोरून ट्रॅक्टर आला. दिवाकर सायकल टाकून शेजारच्या रानात जाऊन उभा राहिला. ट्रॅक्टरवाल्यानं बिचाऱ्यानं थांबून विचारलं, काय झालं. मी सांगितलं, काही नाही, त्यांना शेती बघायला आवडते.

मग आणखी वर जायचं ठरलं. रविवारी सकाळी जुन्या सीबीएस स्टँडवरून हरसूलची गाडी पकडायची, सायकली टपावर चढवायच्या, लगेजचं तिकीट फाडायचं आणि गिरणाऱ्याच्या पुढे कुठेतरी उतरायचं. सायकली टपावर बांधताना कंडक्टर दर वेळी विचारायचे, बिघडल्यात का? चालू सायकल बसवर घालून डोंगरात नेणारं जोडपं त्यांनी पाहिलं नव्हतं. आता जाड टायरच्या, झकपक कपड्यांतल्या मुलांच्या टोळ्या त्याच डोंगरांत मुरमाचे रस्ते शोधत हिंडतात आणि त्याला छानसं इंग्रजी नावही आहे. आम्हाला नाव नव्हतं. आम्ही नुसते पळून चाललो होतो.

डांबरीवरून आत वळलं की रोजगार हमीचे रस्ते लागायचे. टिकाव-घमेल्यांनी माणसांनी केलेले, लाल मुरमाचे, मध्ये गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना बैलगाडीची चाकोरी. चाकोरीबाहेर जगावं असं भाषणात सांगणाऱ्यांनी असल्या रस्त्यावर सायकल चालवलेली नसते. मी एकदा चाकोरी सोडली आणि मऊ मुरमात अशी आडवी झाले की कोपराचा तो डाग अजून आहे. खडे अडकून अडकून माझ्या सायकलचं चेनकव्हर इतकं खडखडायला लागलं, की शेवटी ते काढूनच टाकलं. उतारावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हे आम्ही पडून शिकलो. पण या सगळ्यात दिवाकरची मान सारखी मागे. दहा पॅडल मारायचा, मागे बघायचा. रस्ता कितीही रिकामा असला तरी त्याच्या पाठीमागे एक ट्रक चालतच होता.

प्रत्येक पाड्यावर मी विचारायची, या रस्त्यानं गाड्या येतात का? आणि प्रत्येक ठिकाणी माणसं ओशाळून सांगायची, नाही येत ताई, काय करणार, अर्जबिर्ज दिलेत. मी म्हणायची, वा, छान. ती माझ्याकडे बघतच राहायची. मला माझी चूक तेव्हा कळत नव्हती. मला कळली ती ताराबाईंनी समजावल्यावर.

ताराबाई उंबरपाड्याच्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, ठेंगण्या, बोलायला तिखट. पाण्याला म्हणून त्यांच्या दारात थांबलो आणि मी माझं ते 'छान' त्यांनाही ऐकवलं. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि शांतपणे सांगितलं की गेल्या पावसात त्यांच्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा चौघांनी झोळी करून तिला घाट उतरवून गिरणाऱ्यापर्यंत नेलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, झोळीत जन्मलं नाही एवढंच. "तुमाला गाडी नको म्हून तुमी इथं आल्या," त्या म्हणाल्या. "आमाला पाहिजे म्हून आमी इथं बसलोय." मी तांब्या खाली ठेवला. दिवाकर मात्र, कितीतरी महिन्यांनी, जरासा हसला. माझी कुणी जिरवली की त्याला बरं वाटतं.

हा रस्ता पुढे कुठे जातो, मी विषय बदलायला विचारलं. जातो ना, त्या म्हणाल्या, पार खालच्या डांबरीला, आम्ही जातोच की. हा रस्ता त्यांनीच केला होता. त्या उन्हाळ्यात अख्खा पाडा त्याच कामावर होता. मी मनातल्या मनात नकाशा मांडला आणि दिवाकरला म्हटलं, चला, इकडून गोल फिरून खाली उतरू.

रस्ता देखणा होता. डोंगराच्या कुशीतून सपाट निघालेला, एका हाताला दरी, दुसऱ्या हाताला खुरासणी थेट खांद्याशी. मधमाश्यांचा आवाज इतका, की आधी मला वाटलं लांबून मोटरसायकल येतेय. दिवाकरलाही वाटलं असणार, कारण तो थांबला. मग त्याला कळलं आणि तो पुन्हा निघाला. असे आम्ही डोंगराच्या सोंडेला वळसा घालून गेलो, आणि रस्ता संपला.

संपला म्हणजे संपलाच. वळणावर खडीचा एक मोठा ढीग, त्यावर उगवलेलं गवत, ढिगात अर्धवट पुरलेलं एक फुटकं घमेलं, आणि पलीकडे माणसानं चालायची बारीक पायवाट, दगडांतून खाली घसरत गेलेली. रोजगार हमीचा रस्ता पाड्यावरून सुरू होतो, कारण कामाला माणसं पाड्याची. तो शहराकडे निघतो आणि पाऊस आला, किंवा द्राक्षबागांच्या छाटणीला माणसं खाली गेली, की जिथे असेल तिथे बसकण मारतो. ताराबाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी रस्ता तिथे संपतच नव्हता. पायाखाली मुरूम असला काय नि दगड असला काय, वाट खालपर्यंत जात होती. चाकं माझ्याकडे होती, म्हणून फसले मी.

मी चिडले. नकाशावर, सरकारवर, ताराबाईंवर, खुरासणीवरसुद्धा. आता पुन्हा तेवढं सगळं मागे जायचं, परतीची एसटी चुकणार, वगैरे. दिवाकर ढिगावर चढून पलीकडे बघत होता. मग त्यानं वळून आलेल्या रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा पायवाटेकडे पाहिलं, आणि एखादं गणित सुटल्यावर म्हणावं तसं म्हणाला, "अगं, इथून काहीच येऊ शकत नाही."

मला आधी कळेना. मग त्यानं समजावलं. समोरून गाडी येणं शक्य नाही, कारण समोर रस्ताच नाही. मागून येणं शक्य नाही, कारण येऊन ती जाणार कुठे? या रस्त्याला कुठल्याच ट्रकचं काही कामच नाही. बोलता बोलता तो ढिगावरून उतरला, सायकलवर बसला आणि ताराबाईंच्या पाड्याच्या दिशेनं निघाला. मी त्याच्या मानेकडे बघत राहिले. ती वळली नाही. खुरासणीच्या पिवळ्यात त्याचा पांढरा शर्ट लहान लहान होत गेला, वळणाआड गेला, आणि थोड्या वेळानं परत आला. घंटी वाजवत आला. रिकाम्या डोंगरात, कुणासाठीही नाही, नुसती वाजवावीशी वाटली म्हणून. मी त्या खडीच्या ढिगावर बसून रडले. सुटल्यासारखं वाटलं. इतके महिने मी छातीत काहीतरी आवळून धरलं होतं, ते सोडायला मला सरकारी खडीचा ढीग मिळाला, याचं आता हसू येतं.

तो सगळा आश्विन आम्ही तिथेच घालवला. दर रविवारी. कुठेही न जाणाऱ्या रस्त्यावर नवरा पाड्यापासून ढिगापर्यंत आणि ढिगापासून पाड्यापर्यंत फेऱ्या मारायचा, आणि मी ताराबाईंच्या ओट्यावर कोरा चहा पीत बसायची, किंवा त्याच्यामागून माझी लेडीज दामटायची. पाड्यातल्या बायांना पहिल्यांदा ही मोठी करमणूक वाटली. त्यांनी केलेल्या रस्त्याचा एवढा वापर कुणीच केला नव्हता. दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ व्हायची. मी शहरातून चकल्या, साखर, पेरू न्यायची. भाताची कापणी सुरू झाली आणि वाऱ्याला कापल्या भाताचा तो ओलसर, गोड वास येऊ लागला. दिवाकर ढिगाला टेकून सायकल उभी करायचा, दरीकडे तोंड करून पेरू खायचा. काही बोलायचा नाही. पण हे न बोलणं घरातल्या न बोलण्यापेक्षा वेगळं होतं, आणि मला त्यातला फरक कळायचा.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली. ताराबाईंनी आग्रहानं बोलावलं. पाड्याच्या शिवेवर वाघदेव आहे, लाकडी फळीवर कोरलेला, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ. त्या दिवशी गुराखी त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवतात. बाया लांबून बघतात, म्हणून मी ताराबाईंबरोबर लांब बसले, दिवाकर पुरुषांत. पूजा झाल्यावर एक दांडगा गडी वाघ झाला आणि गुरगुरत सगळ्यांच्या अंगावर धावून गेला, आणि बाकीच्यांनी आरडाओरडा करत त्याला शिवेपलीकडे पिटाळलं. दिवाकरही धावला. दुखऱ्या पायानं, लंगडत, पण सगळ्यांच्या पुढे. काय ओरडत होता ते त्याचं त्याला ठाऊक.

जेवताना त्यानं ताराबाईंना विचारलं, इथे वाघ येतो का अजून?

"वाघ कुठला आता," त्या म्हणाल्या. "बिबट्या येतो कवामवा, कोंबडी नेतो."

"मग पूजा कशाला?"

"भेव हाय ना भाऊ." त्यांनी त्याच्या पानात आणखी भात वाढला. "त्याला वरसातून एकदा बोलवायचं, जेवू घालायचं, आन सांगायचं, तुझ्या रस्त्यानं तू जा, आमच्या रस्त्यानं आमी जातो."

दिवाकरनं मान हलवली आणि भात खाल्ला. मग त्या हिवाळ्यात तो एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, बराच वेळ राहिला, आणि समोरच्या टपरीवर जाऊन पान खाऊन आला. तोंड लाल करून घरात आला तेव्हा मी काही पाहिलंच नाही असं दाखवलं. डांबरीवर सायकल मात्र त्यानं घातली नाही. कंपनीची बस, आणि रविवारी ढिगापर्यंत. मला तेवढं पुरे होतं. माणूस सगळाच्या सगळा परत यायला हवा असा हट्ट मी सोडला होता, आणि त्या सोडण्यातही एक सुख होतं.

वर्षं गेली. शहर पाटाच्या रस्त्यावर चढलं, बंगल्यांच्या पुढे इमारती आल्या. आग्रा रोड रुंद झाला. आमचा ढीग मात्र तिथेच होता. दर पावसाळ्यात थोडा खचायचा, दर आश्विनात आम्ही त्याला भेटायचो. मग गेल्या वर्षी ताराबाईंच्या मुलानं फोन केला. आता त्यांच्याकडे मोबाइल आहे, टेकडीवर चढलं की लागतो. रस्ता पूर्ण झालाय, डांबर पडलंय, वाघबारशीच्या दिवशी पहिली एसटी येणार आहे, आईनं दोघांना बोलावलंय.

मी फोन ठेवला आणि मला वाईट वाटलं. आनंद व्हायला हवा होता, झोळीची गोष्ट मी विसरले नव्हते. तरी आमचा एकुलता एक रस्ता गेला असं वाटलं. दिवाकरला सांगितलं तर तो म्हणाला, "वा, छान." मीच जे बोलायची तेच, त्याच सुरात. मग जिन्याखाली जाऊन त्यानं चाकात तेल घातलं.

आम्ही हरसूलच्या आधीच्या एसटीनं फाट्यावर उतरलो आणि खालच्या बाजूनं, म्हणजे नव्या बाजूनं, वर निघालो. पूर्वीच्या पायवाटेच्या जागी काळा, गुळगुळीत चढ. खडीचा ढीग नव्हता. तीच खडी पायाखाली गेली असणार. खुरासणी मात्र होती तशीच, खांद्याशी. दिवाकर पुढे, मी मागे. सोंडेच्या वळणापाशी आलो आणि पाठीमागून हॉर्न वाजला.

एसटीचा हॉर्न. लांबलचक, घाटात घुमणारा. मी मागे पाहिलं. तोंडाला झेंडूची माळ, टपावर माणसं, आणि ती सरळ आमच्या अंगावर येत होती. मी पुढे पाहिलं. गाडी माझ्या बाजूनं धाडधाड पुढे गेली, झेंडूच्या पाकळ्या माझ्या तोंडावर उडाल्या, आणि ती दिवाकरला गाठायला निघाली.

त्यानं मान वळवली नाही. हँडल जरासं डावीकडे घेतलं, उजवा हात सावकाश उचलला आणि, पुढे जा, पुढे जा, असा हलवला. गाडी पुढे गेली. पहिल्या गाडीत बसायचं म्हणून ताराबाई मुद्दाम खाली उतरल्या असणार, कारण खिडकीतून त्यांचाच हात बाहेर आला होता. त्या काहीतरी बोलत होत्या, ते ऐकू आलं नाही. गाडी वळणाआड गेली, डिझेलचा धूर खुरासणीत विरला, आणि मधमाश्यांचा आवाज पुन्हा आला. दिवाकर अजून पॅडल मारत होता.

बऱ्याच पुढे जाऊन तो थांबला आणि त्यानं मागे पाहिलं. मी रस्त्याच्या कडेला गवतात उभी होते. दोन्ही पाय खाली टेकलेले, मुठी छातीशी. कधी उतरले ते मला कळलंच नव्हतं.

"काय झालं?" तो तिथून ओरडला. "चेन पडली का?"

"हो," मी म्हटलं, "चेन पडली." आणि खाली वाकून, जागच्या जागी असलेल्या त्या चेनला हात लावला आणि उगाच बोटं काळी करून घेतली.